सकाळी गार गाडी उठत नाही, गॅरेजवाले म्हणतात नोझल गेले: खोलायच्या आधी काय बघायचं

दादा, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो म्हंजे बाकी वाचणाऱ्यांनाही कळंल. २०१३ ची १.३ लिटर डिझेल हॅचबॅक, लाखाच्या वर किलोमीटर झालेत, कोल्हापुरात कळंब्याला घरासमोर उघड्यावर उभी असते, आणि शिरोली एमआयडीसीत पहिली पाळी असल्यामुळं सकाळी सहाला काढावी लागते. दिवाळी झाल्यापासनं पाच-सहा वेळा सेल्फ मारल्याशिवाय उठत नाही, पण एकदा उठली की दिवसभर अर्ध्या सेल्फात चालू होते. एका गॅरेजनं बॅटरी बदलून दिली, काही फरक पडला नाही, आता तेच म्हणतात नोझल (इंजिनात डिझेल फवारणारे इंजेक्टर) गेलेत, चारी काढून रिपेरीला टाकू. करू का, असं तुम्ही विचारलंय.

आत्ता नको. नोझल चांगलेच आहेत असं मी इथं बसून सांगू शकत नाही, पण तुम्ही जी लक्षणं सांगितलीत त्यातलं एकही अजून नोझलकडं बोट दाखवत नाही, आणि नोझल काढणं हे सगळ्यात महागाचं काम आहे, ते सगळ्यात शेवटी यायला पाहिजे. आमच्या उद्यमनगर भागात हिवाळा सुरू झाला की असल्या गाड्यांची रांगच लागते आणि त्यातल्या बऱ्याच गाड्या दोन-तीन पार्ट बदलून झाल्यावर येतात. पार्ट बदलून बघणं आणि तपासणं ह्यात फरक आहे, तपासायला बहुतेक वेळा एक मीटर, एक पारदर्शक पाईप आणि सकाळचा अर्धा तास एवढंच लागतं.

पहिली गोष्ट, थंडीची. आपल्या कोल्हापुरात डिसेंबर-जानेवारीत पहाटे १४-१५ डिग्री असतं, कधीतरी त्याच्या खाली जातं, पन्हाळ्यावर अजून थोडं कमी. धडधाकट कॉमन रेल (सगळ्या नोझलना एकाच नळीतनं, म्हंजे रेलमधनं, मोठ्या दाबाचं डिझेल देणाऱ्या) इंजिनाला ही थंडी म्हंजे काहीच नाही. "डिझेल गोठतंय" असं कोण सांगत असेल तर ऐकू नका, तो प्रश्न लडाखचा आहे, तिकडं इंडियन ऑइलनं २०१९ मध्ये उणे ३३ डिग्रीपर्यंत न गोठणारं वेगळं डिझेल आणलं ते त्याचसाठी. आपल्याकडं गाडी सकाळी त्रास देत असेल तर कुठंतरी आधीच काहीतरी कमजोर झालेलं असतं, उन्हाळ्यात ते खपून जातं आणि गारठ्यात उघडं पडतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि हे जवळजवळ कुणीच करत नाही. रात्रीत गाडीच्या बाबतीत दोन गोष्टी होतात, एक म्हंजे इंजिन गार पडतं आणि दुसरं म्हंजे गाडी नऊ-दहा तास न हलता उभी राहते. सगळे जण पहिलीच धरून बसतात कारण अंगाला थंडी वाजत असते. पण गाडीला त्रास गारठ्याचा आहे का नुसतं उभं राहण्याचा, हे वेगळं केल्याशिवाय पुढं एक पाऊल टाकायचं नाही. करायचं कसं, तर सुट्टीच्या दिवशी सकाळी गाडी चालू करून एक चक्कर मारून आणा, चांगली गरम होऊ दे, मग साडेआठ-नऊला बंद करून उन्हात लावून ठेवा आणि संध्याकाळी पाच-सहापर्यंत हात लावू नका. आपल्याकडं हिवाळ्यातसुद्धा दुपारी २८-३० डिग्री होतं, म्हंजे गाडी आठ-नऊ तास उभी राहिली पण गारठली नाही. संध्याकाळी सेल्फ मारा. सकाळसारखीच कुरकुर केली तर थंडीचा संबंध कमी, उभं राहिल्यावर लाईनीतलं डिझेल मागं टाकीकडं उतरतंय किंवा कुठनं तरी हवा घेतंय. आणि एका सेल्फात उठली तर मग हिटर प्लग (गार इंजिन आतनं तापवणारे), सेन्सर, कॉम्प्रेशन (सिलेंडरमध्ये हवा दाबली जाण्याची ताकद), सेल्फची ताकद असल्या गारठ्याशी संबंधित गोष्टींकडं जायचं; फक्त गारठ्यातच हवा घेणारा जोड ह्या टेस्टीत निसटू शकतो, त्याचं पुढं सांगतो. एका रविवारात निम्मी यादी बाद होते आणि एक रुपया खर्च नाही.

त्याच्याबरोबर अजून एक सोपी युक्ती. रात्री गाडी थोड्या उतारावर तोंड खाली करून लावा, दुसऱ्या रात्री उलटी, तोंड वर करून. हँडब्रेक ओढा, गिअरमध्ये टाका आणि चाकाला दगड लावा. तोंड खाली असताना पटकन उठली आणि तोंड वर असताना जास्त त्रास दिला तर डिझेल मागं उतरतंय ह्याची निम्मी खात्री झालीच.

आता सकाळचं बघू. घरातल्या कुणाला तरी बरोबर घ्या, एक जण सेल्फ मारणार आणि एक जण मागं सायलेन्सरजवळ उभा राहणार. तीन गोष्टी बघायच्यात आणि तिन्ही पहिल्याच सेल्फला बघायच्या, कारण दोनदा-तीनदा मारल्यावर चित्र बदलतं, बॅटरी उतरते, प्लग तापतात, हवा निघून जाते.

एक, सेल्फचा आवाज. दुपारी जसा घरघर फिरतो तसाच फिरतोय का जड, ओढून-ताणून फिरतोय. डिझेलला पेट घ्यायला हवा दाबून तापवावी लागते, सेल्फ हळू फिरला तर दाबलेली हवा रिंगांतनं निसटते, उष्णता सिलेंडरच्या भिंतीत जाते आणि बाकी सगळं चांगलं असलं तरी गाडी पेटत नाही. दोन, सेल्फ फिरत असताना सायलेन्सरमधनं धूर येतोय का. पांढरा-राखाडी, डोळ्याला झोंबणारा कच्च्या डिझेलचा धूर येत असेल तर डिझेल सिलेंडरपर्यंत पोचतंय पण जळत नाही. काहीच येत नसेल तर डिझेल पोचतच नाही. ह्या एका गोष्टीवरनं कुठल्या बाजूला जायचं ते ठरतं, आणि ही बघायला सायलेन्सरमागं माणूसच पाहिजे, ड्रायव्हर सीटवर बसून कळत नाही. तीन, उठल्यावर पहिला एक मिनिट गाडी कशी चालते. उठल्या उठल्या गुळगुळीत चालली तर डिझेल उशिरा आलं पण आल्यावर सगळं ठीक झालं, म्हंजे लाईनीतली हवा. आणि उठल्यावर अर्धा-एक मिनिट थरथरली, एक सिलेंडर मिस मारल्यासारखं झालं, पांढरा धूर सोडला आणि मग सुरळीत झाली तर डिझेल होतं पण उष्णता कमी पडली. तुमच्या मेसेजमध्ये तुम्ही लिहिलंय की "एकदा उठली की काहीच वाटत नाही", ते खरंच पहिल्या सेकंदापासनं तसं असेल तर माझा पहिला संशय हवेवर आहे. पण उद्या सकाळी नीट बघून खात्री करा, अंदाजानं सांगू नका.

बॅटरीचं बोलू, कारण ती बदलून झालीय म्हणून ते प्रकरण संपलं असं समजू नका. नवी बॅटरी टाकली आणि केबल जुनीच राहिली तर काय उपयोग. आदल्या रात्री बॉनेटचा खटका मोकळा करून ठेवा आणि सकाळी दार उघडायच्या आधी मीटर लावून व्होल्टेज बघा. १२.६ च्या आसपास असेल तर फुल, १२.४ म्हंजे पाऊण, १२.२ म्हंजे निम्मी. रोज सकाळी १२.२ दाखवत असेल तर एक तर अल्टरनेटर नीट चार्ज करत नाही, गाडी चालू असताना साधारण १३.८ ते १४.५ यायला पाहिजे, नाहीतर रात्रीत काहीतरी करंट खातंय. नंतर बसवलेले जीपीएस, डॅशकॅम, म्युझिक सिस्टिम हे नेहमीचे गिऱ्हाईक. गाडी लॉक करून अर्धा तास झाल्यावर ३०-५० मिलिअँपिअरच्या वर जाता कामा नये.

मग सेल्फ मारताना बॅटरीच्या टर्मिनलवर मीटर धरा, साडेनऊच्या खाली जात असेल तर बॅटरी तरी कमजोर आहे नाहीतर सेल्फ मोटर जास्त ओढतेय. त्यापुढची टेस्ट बरेच जण करत नाहीत. मीटरची एक पिन बॅटरीच्या मायनस खुंटीवर आणि दुसरी इंजिनच्या ब्लॉकवर, रंग नसलेल्या उघड्या लोखंडावर, आणि सेल्फ मारा. तिथं ०.२-०.३ व्होल्टच्या आत यायला पाहिजे. अर्ध्याच्या वर गेलं म्हंजे अर्थची पट्टी, बॅटरीचा मायनस इंजिन-बॉडीला जोडणारी, ती खराब. मागच्या हिवाळ्यात कागलकडची एक पिकअप आली होती, दूधवाल्याची, पहाटे चारला लागायची आणि दोन वर्षांत दोन बॅटऱ्या खाल्लेल्या. गिअरबॉक्सवरचा अर्थचा बोल्ट खोलला तर पट्टीच्या लगच्या खाली हिरवट-पांढरी पूड, बाहेरनं बोल्ट घट्ट, पट्टी चकाचक दिसतेय, पण पिळलेल्या तांब्यातले निम्मे धागे आत सडलेले, बोटानं दाबलं तर कुडकुडत तुटत होते. नवी पट्टी टाकली, बसण्याची जागा पॉलिश पेपरनं घासून लख्ख केली, सेल्फचा आवाजच बदलला. एवढ्याशा पट्टीपायी त्या माणसानं किती दिवस पहाटेची गाडी ढकलली असेल. आपल्याकडं पावसाळ्याचं पाणी आणि शेणामातीचा चिखल खालनं बसतो, त्यामुळं पट्टी लवकर खराब होते, बॅटरीच्या आधी ती बघत जा.

तुमचा सेल्फ नीट फिरतोय असं गृहीत धरून पुढं जाऊ. हवेचं प्रकरण जरा सविस्तर सांगतो कारण कोल्हापूरच्या हवामानात, लाख किलोमीटर झालेल्या डिझेल गाडीत, सकाळच्या त्रासामागं मला हेच सगळ्यात जास्त सापडतं.

टाकी खाली मागं असते आणि फिल्टर, पंप वर पुढं. ज्या गाड्यांत पुढचा पंप टाकीतनं डिझेल ओढून घेतो, तिथं टाकीपासनं पंपापर्यंतच्या लाईनीत दाब नसतो, उलट ओढ असते. त्यामुळं ह्या बाजूला बारीक भेग असेल तर डिझेल बाहेर गळत नाही, हवा आत जाते. म्हणून मालक म्हणतो "कुठंच ओलं नाही, लिकेज नाही", आणि ते खरंच असतं. दिवसा गाडी थोडाच वेळ बंद असते, तेवढ्यात काही फरक पडत नाही. रात्रभर मात्र त्या भेगेतनं हवा शिरते आणि डिझेल हळूहळू मागं उतरतं. सकाळी सेल्फ मारला की पंप आधी हवा ओढतो, रेलमध्ये दाब चढत नाही आणि दाब चढल्याशिवाय ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) नोझल उघडतच नाही. पाच-सहा सेल्फात हवा निघून जाते आणि गाडी उठते. आता हे थंडीतच का, तर रबर. फिल्टरच्या हौसिंगची ओ-रिंग, जोडाचे सील, पाईपचं रबर जुनं होऊन कडक झालेलं असतं, गारठ्यात ते अजून आक्रसतं आणि एरवी कसंबसं धरून ठेवणारा जोड हवा घ्यायला लागतो. तुम्हाला आठवत असेल तर बघा, दिवाळीच्या आसपास फिल्टर बदललाय का. बदलला असेल आणि ओ-रिंग जुनीच बसवली असेल किंवा बसवताना पिळली असेल तर दुसरीकडं शोधायची गरजच नाही.

तपासायचं कसं. ज्या गाडीला फिल्टरवर हातपंप आहे तिथं सकाळी सेल्फ मारायच्या आधी तो दाबून बघा. पहिल्याच एक-दोन दाबात कडक लागला तर लाईन भरलेली आहे. भुसभुशीत लागला, आठ-दहा दाबांनंतर कडक झाला आणि मग गाडी एका सेल्फात उठली, तर उत्तर मिळालं. तुमच्या गाडीत टाकीत इलेक्ट्रिक पंप असेल तर चावी ऑन करा, कान द्या, मागनं दोन-तीन सेकंद बारीक घूं आवाज येतो, परत ऑफ, परत ऑन, असं तीन-चारदा करून मग सेल्फ मारा. त्यानं लगेच उठत असेल तर दाब रात्रीत उतरतोय, दोष पंपाच्या नॉन रिटर्न व्हॉल्व्हमध्ये (डिझेल मागं जाऊ न देणारा) नाहीतर लाईनीतल्या जोडात.

आणि पक्का पुरावा पाहिजे असेल तर पारदर्शक पाईप. डिझेल सहन करणारा, बरोबर मापाचा पाईप फिल्टर आणि पंपाच्या मधे तात्पुरता लावायचा, दोन्हीकडं क्लिप घट्ट. हे फक्त लो प्रेशरच्या बाजूला, हाय प्रेशरच्या लोखंडी पाईपला हात लावायचा नाही, त्यात हजार-दीड हजार बारचा दाब असतो, चालू गाडीत ती धार कातडी फाडून आत शिरते, हात कापावा लागलेली माणसं आहेत. संध्याकाळी गाडी बंद करताना पाईप काठोकाठ भरलेला, पिवळसर स्वच्छ दिसतो. सकाळी बॉनेट उघडायचं, काही न करता नुसतं बघायचं. चांगल्या गाडीत पाईप तसाच भरलेला असतो. हवा घेणाऱ्या गाडीत वरच्या वाकणात बोटभर, कधी वीतभर रिकामी जागा दिसते, आणि सेल्फ मारला की आधी फेसाळलेलं डिझेल येतं, बुडबुड्यांची माळ जाते, आणि ज्या क्षणाला माळ संपते त्याच क्षणाला इंजिन पेट घेतं. हे एकदा मालकाला समोर दाखवलं की मला काही समजावून सांगावं लागत नाही. मग पाईप एक-एक जोड मागं सरकवत जायचं, जिथं बुडबुडे थांबतात त्याच्या पुढच्या, म्हंजे इंजिनकडच्या जोडात दोष.

फिल्टर बघताना खालचा पाण्याचा नळ सोडून एका काचेच्या बाटलीत थोडं डिझेल काढा. तळाला पाणी वेगळं दिसलं तर ते वेगळं प्रकरण, पण पंप आणि नोझल मारायला तेवढं पुरतं, त्यामुळं ते लगेच काढा आणि फिल्टर बदला.

आता दुसरी बाजू, धूर येतोय, डिझेल येतंय पण पेट घेत नाही. इथं हिटर प्लग. आपल्या थंडीत चारातला एक प्लग गेला तर गाडी उठते, फक्त पहिला मिनिट थरथरते. सकाळी पाच-सहा सेल्फ लागतात तेव्हा बहुतेक दोन-तीन प्लग तरी गेलेले असतात किंवा चारींना करंटच मिळत नाही, म्हंजे रिले नाहीतर मोठा फ्यूज. आधी करंट बघा, गार इंजिनला चावी ऑन केल्यावर प्लगच्या वायरला व्होल्टेज येतंय का. मग वायर काढून प्रत्येक प्लगचा रेझिस्टन्स इंजिनच्या बॉडीशी मोजा, साधारण अर्धा ते दीड ओहम यायला पाहिजे, मीटर काहीच दाखवत नसेल तर आत तार तुटलीय. प्लग बाहेर काढून बॅटरीवर लाल करून बघायची जुनी पद्धत आहे, ती सरसकट करू नका, बऱ्याच नव्या गाड्यांचे प्लग चार-साडेचार किंवा सात व्होल्टचे असतात, थेट १२ व्होल्ट दिले की जळतात, कधी टोक फुटून उडतं. आणि लाख किलोमीटर झालेला प्लग गार इंजिनवर जोर लावून खोलायचा नाही. इंजिन गरम करा, रस्ट स्प्रे मारून रात्रभर मुरू द्या, हलक्या हातानं पुढं-मागं करत काढा. प्लग हेडमध्ये तुटला की हेड उतरवायची वेळ येते.

इथंच एक गोष्ट बऱ्याच वेळा निसटते, ती म्हंजे कूलंट टेंपरेचर सेन्सर. हिटर प्लग किती वेळ लावायचे आणि सुरुवातीला डिझेल किती द्यायचं हे ईसीयू ह्या सेन्सरवरनं ठरवतो. सेन्सर खोटं बोलत असेल, सकाळी १४ डिग्रीला ६०-७० सांगत असेल, तर ईसीयूला वाटतं इंजिन गरम आहे आणि तो प्लग लावतच नाही. डॅशबोर्डवरचा हिटर प्लगचा, कॉइलच्या चित्राचा पिवळा दिवा क्षणात विझतो. काही गाड्यांत ह्याला चेक इंजिनचा दिवाही लागत नाही, कारण सेन्सर तुटलेला नाही, नुसता चुकतोय. तपासणी अगदी सोपी, हजारभर रुपयांचा ब्लूटूथ ओबीडी स्कॅनर (ईसीयूतले आकडे दाखवणारा) मोबाईलला जोडायचा, पहाटे चावी ऑन करून सेल्फ न मारता कूलंटचं आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान बघायचं. रात्रभर उभ्या गाडीत दोन्ही जवळजवळ सारखे आणि बाहेरच्या हवेएवढे पाहिजेत, दोन-तीन डिग्रीचा फरक चालतो. जास्त फरक दिसला तर जो हवेशी जुळत नाही तो सेन्सर खराब.

प्लग चांगले, सेन्सर चांगला, सेल्फ जोरात, धूर येतोय आणि तरी उठत नाही, तर मग कॉम्प्रेशन. गाडी चालू असताना ऑइलचं झाकण काढून बघा, भसाभस धूर आणि दाब येतो का, ऑइल कमी होतंय का. असेल तर कॉम्प्रेशन टेस्ट करून घ्या. आणि ऑइलचा ग्रेड कंपनीनं सांगितलाय तोच ठेवा, ५डब्ल्यू-३० सांगितलेल्या इंजिनात "जुनी गाडी आहे, जाड टाका" म्हणून २०डब्ल्यू-५० ओतलं की सकाळी सेल्फला जड जातं.

आता नोझल. ज्या नोझलची रिटर्न गळती (न फवारता टाकीकडं परत जाणारं डिझेल) वाढलेली असते, ती गाडी सहसा गरम असताना जास्त त्रास देते. कारण डिझेल गरम झालं की पातळ होतं आणि झिजलेल्या जागेतनं जास्त निसटतं. हायवेवरनं येऊन चहाला थांबला, पंधरा मिनिटांनी सेल्फ मारला आणि उठेना, ही त्या आजाराची खूण. तुमची गाडी बरोबर उलटं करतेय, गरम असताना अर्ध्या सेल्फात उठते. म्हणून मी म्हणतोय आत्ता नको. नोझलची धार खराब असेल, ठिबकत असेल तर सकाळी त्रास होऊ शकतो, पण मग त्याबरोबर पांढरा धूर, खडखड आवाज, अ‍ॅव्हरेज कमी होणं असलं काहीतरी येतं, त्यातलं तुम्ही काहीच सांगितलेलं नाही.

गॅरेजवाले नोझलवरच ठाम असतील तर त्यांना दोन गोष्टी करायला सांगा, दोन्ही नोझल न काढता होतात. एक, पहाटे पहिल्या सेल्फला स्कॅनरवर रेल प्रेशर बघा, साधारण दोनशे-अडीचशे बार झाल्याशिवाय बऱ्याच गाड्या उठत नाहीत. सेकंद-दोन सेकंदात चढलं तर डिझेलची बाजू ठीक, परत प्लगकडं जा. पाच-सहा सेकंद तळालाच रेंगाळलं आणि मग एकदम चढलं तर हवा. दोन, रिटर्न टेस्ट, चारी नोझलच्या रिटर्नला चार बाटल्या लावून काही मिनिटं इंजिन जागेवर चालू ठेवायचं, एखादी बाटली बाकीच्यांच्या दुप्पट-तिप्पट भरली तर तो एक नोझल दोषी, चारी नाहीत.

पेट्रोल आणि सीएनजीवाल्यांसाठी थोडक्यात, कारण तेही विचारतात. उभं राहणं का गारठा ही परीक्षा तिथंही तशीच, चावी तीनदा ऑन-ऑफची पण. त्याशिवाय स्पार्क प्लग, थ्रॉटल बॉडीतला कार्बन आणि कूलंट सेन्सर बघा. सीएनजीच्या बऱ्याच गाड्या सकाळी पेट्रोलवर उठतात आणि मग गॅसवर जातात, आणि मालक लोक पेट्रोल टाकतच नाहीत, टाकीच्या तळाला जुनं पेट्रोल महिनोनमहिने पडून राहतं. हल्ली पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते ओलावा धरतं. पंप कोरडा चालून गरम होतो, पेट्रोलचे इंजेक्टर चिकट होतात. पाव टाकी पेट्रोल ठेवा आणि आठवड्यातनं थोडं अंतर पेट्रोलवर चालवा, सकाळचे निम्मे त्रास येतच नाहीत.

तोपर्यंत रोज सकाळी गाडी काढायची आहेच, तर काय करायचं नाही ते सांगतो. सेल्फ एका वेळी दहा सेकंदांच्या वर मारायचा नाही, मधे अर्धा मिनिट थांबायचं, नाहीतर सेल्फ मोटर जळते. एअर फिल्टरमध्ये इथरचा स्प्रे हिटर प्लगच्या गाडीत अजिबात मारू नका, तापलेल्या प्लगवर तो अवेळी पेटतो, पिस्टन-रॉड वाकू शकतात. जुन्या ट्रॅक्टरला हवेच्या तोंडाशी पेटता बोळा धरायचे, ते बघून कुणी प्लास्टिकच्या एअर बॉक्सच्या गाडीला तसलं करायला गेला तर गाडीच पेटंल. चावी ऑन करून कॉइलचा दिवा विझू द्या, परत ऑफ-ऑन करून दुसऱ्यांदा विझू द्या, मग क्लच दाबून सेल्फ मारा, एसी, लाईट, ब्लोअर सगळं बंद. आणि हे दोनदा कॉइल लावून गाडी लगेच उठत असेल तर तेही मला सांगा, ते प्लगकडं जाणारं लक्षण आहे.

गॅरेजला न्यायची असेल तर सकाळी चालवत नेऊ नका, तिथं पोचेपर्यंत ती गरम झालेली असते आणि मेस्त्रीला काहीच दिसत नाही, मग तो अंदाज बांधतो आणि अंदाजाचं बिल तुम्ही भरता. आदल्या संध्याकाळी सोडा, रात्रभर तिथं उभी राहू दे आणि सकाळी पहिला सेल्फ तुमच्यासमोर, मीटर आणि स्कॅनर लावून मारायला सांगा.

रविवारची उन्हातली टेस्ट, पहिल्या सेल्फचा धूर आणि उठल्यानंतरचा पहिला मिनिट, एवढं कळवा. आणि फिल्टर शेवटचा कधी बदलला तेही बिल बघून सांगा, माझा डोळा आधी त्या ओ-रिंगवरच आहे.